रंध्याचं झाड

माझा रंधा बीचचा.
उद्यमबागेत लागलो त्या महिन्यात
रिटायर होणाऱ्या भरमाण्णा सुताराकडून घेतला,
वीस रुपयांत, पात्यासकट.
त्याच्या मुठीनं पाडलेल्या खळग्यात
माझा अंगठा एकोणचाळीस वर्षं बसला.
पंपांचे, व्हॉल्व्हचे साचे केले,
सागवान तासला, शिवण तासली,
आणि ज्याच्या अंगानं तासत होतो
ते झाड काही पाहिलं नाही.

हे एकदा फोनवर बोलून गेलो.
वैजूनं श्टुटगार्टहून पाकीट पाठवलं.
बिया तीनधारी, तपकिरी,
कुणी गुण्या लावून कापाव्यात तशा.
"ओल्या वाळूत घाल बाबा, तीन महिने फ्रिजात.
थंडी खाल्ल्याशिवाय ते उठत नाय बघ."

मलप्रभेची वाळू चाळली, धुतली,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात भरली.
शेवंतानं वर चिठ्ठी चिकटवली: हे खायचं नाही.
एका पाहुण्यानं तरी चमचा घातलाच.

चाळीसांतल्या चार उठल्या.
आधी दोन जाड पानं, अगदीच परकी,
मग त्यांच्या मधून खरी,
निऱ्या घालून ठेवल्यासारखी,
कडेला बारीक लव.
एक गोगलगायीनं नेलं.
एक मी मारलं, रोज पाणी घालून घालून.
तिसऱ्याच्या कडा एप्रिलात
निपाणीच्या विडीसारख्या जळत आत गेल्या.

चौथ्यासाठी मासळी बाजारातून बर्फ आणायला लागलो,
दुपारी कुंडीभोवती मांडायला.
भिंतीपलीकडून शिवलीलाक्का म्हणाली,
"याक्री, झाडाला ताप आलाय काय?
वास तर माशाचा येतंय."
मी म्हटलं, मुलीचं आहे.
मग ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रिजातला बर्फ भिंतीवर ठेवलेला,
स्टीलच्या ताटलीत, वासाविना.

डिसेंबरात पानं तांबूस झाली, वाळली,
पण गळेनात.
वाऱ्यात कागदासारखी वाजायची, सुटायची नाहीत.
मेलं म्हणावं तर तसं, झोपलं म्हणावं तर तसं.
नखानं साल जरा खरवडली.
आत हिरवं.

रोपवाटिकेतला पोरगा हसला.
"बीच कशाला काका? तुमच्या दारात आहे की."
दारात करंज आहे.
कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही,
शेळ्यांनी खाल्ला, लाइटवाल्यांनी दोनदा छाटला.
शिवलीलाक्का त्याला होंगे म्हणते
आणि मोहोराचा सडा माझ्या अंगणात लोटते.
पोरगा म्हणाला, इंग्रजीत हाच इंडियन बीच.

कॅम्पातल्या कुठल्या साहेबानं ठेवलं असेल नाव,
घराची आठवण येत असताना
जे समोर होतं त्यालाच.
पान जुळतं थोडं. लाकूड नाही.
करंजाला कीड लागते, साच्याला चालत नाही,
एक फळी मी कधी तासली नाही त्याची.

पण मार्चात पार उघडा झालेला तो
एप्रिलात, सगळं तापतं तेव्हाच,
नव्या पानांनी भरून येतो.
कुंडी उचलून त्याच्याखाली ठेवली.
बुडाशी त्याचाच पाचोळा, चार बोटं जाड.
बर्फ बंद.

"केवढं झालं?" वैजू विचारते.
गुडघ्याला लागतंय.
"मी येतो की दिवाळीला."
तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली,
अजून येतोच म्हणते, येते म्हणत नाही,
इथल्या सगळ्या पोरींसारखी.

रंधा निघेल एवढं खोड व्हायला शंभरेक वर्षं.
मला एकाहत्तरावं चालू आहे.
हिशेब मी मांडत नाही,
सकाळी बोट घालून माती तेवढी बघतो.

काल जवसाचं तेल संपलं होतं.
रंध्याला करंजाचं लावलं,
शिवलीलाक्कानं खरजेसाठी दिलेल्या बाटलीतलं.
कडवट वास खोलीभर झाला.
लाकडानं काही विचारलं नाही,
पिऊन घेतलं.