बाहेरगावी

पोलीस आयुक्तालयात तिचा फॉर्म मीच भरला.
रकाने अरुंद, आणि मला बारीक अक्षराची सवय,
सव्वीस वर्षं हजेरीपट लिहितोय.
मारिसेल गुम्बान. देश फिलिपिन्स.
येण्याचं कारण : इंग्रजी शिकवणे.
शिकवण्याचा पूर्वानुभव :
इथे ती माझ्याकडे बघायला लागली.
म्हटलं, रेघ मारा.
पेन घेऊन तिने स्वतः मारली,
पट्टी लावल्यासारखी सरळ.

सातपूरला खोली, भोंगा ऐकू येईल इतक्यावर.
बादली, सिलिंडर, दोन चादरी.
गच्चीवर जाऊन विचारते, समुद्र कुठल्या बाजूला?
मी पश्चिमेला हात केला. घाट उतरून, चार तास.
ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.
तिकडे एमआयडीसीची पाण्याची टाकी आहे.

डिसेंबरातलं नाशिक तिला कुणी सांगितलं नव्हतं.
स्वेटर हा शब्द तिच्या गावी फक्त धड्यात.
तिसऱ्या दिवशी आमच्या शिपाई सुलभाताईंची शाल
तिच्या अंगावर होती,
आणि खडूने पांढरी झालेली बोटं काखेत.

सातवी ब. त्रेपन्न पोरं.
पहिला तास वर्गाने खाल्ला.
दुसराही.
गुडमॉर्निंगटीचरचा तो लांबलचक हेल
संपेपर्यंत ती उभी राहायची, हसत,
फाटकापाशी मालगाडी जाऊ द्यावी तशी.
मग ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर
फीच्या पावत्यांकडे बघत बसायची.
मी कप पुढे सरकवायचो.
माझं इंग्रजी बेताचं. तिच्याकडे मराठी दोनच शब्द,
थोडा आणि पुरे,
दोन्ही चहाचेच.

ळ तिला येईना.
मधल्या सुट्टीत पोरं घेरायची :
टीचर, नळ म्हणा. टीचर, बाळ म्हणा. शाळा म्हणा.
शाला, म्हणायची.
पोरं लोळायची हसून. ती पुन्हा म्हणायची,
जीभ उलटी करून, डोळे मिटून, शाल घट्ट धरून.
मला वाटायचं, हे काय शिकवणं झालं?
पण तिसरा तास वर्गाने खाल्ला नाही.

एकदा म्हणाली, आमच्याकडे शिक्षकाला गुरो म्हणतात,
चेहऱ्याला मुखा.
मी पावती लिहायचा थांबलो.
कोण घेऊन गेलं असेल हे शब्द इतक्या लांब,
कुठल्या कचेरीत नोंद न करता?

मग तो निबंध. माझी आई.
समृद्धी गायखे, हजेरी क्रमांक एकतीस :
माय मदर इज आउट ऑफ स्टेशन.
हिने लाल रेघ ओढली. वर लिहिलं, आउट ऑफ टाउन.
आणि वर्गात विचारलं,
किती गोड आवाजात विचारलं,
कधी परत येणार?

त्रेपन्न पोरं गप्प.
भिंतीपलीकडे मी बसलेलो. सातवी ब ला
गप्प बसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मीच सांगितलं तिला, अर्धं बोटांनी, अर्धं तुटक्या इंग्रजीत.
घरचे पोरीला तेवढंच सांगतात, बाहेरगावी गेलीय.
दोन वर्षं झाली.
पोरीला सगळं ठाऊक आहे.
पोरीला ठाऊक आहे, हे घरच्यांना ठाऊक नाही.

तिने व्हाइटनर मागितलं. ते माझ्याकडे असतंच.
लाल अक्षरांवर लावलं, फुंकर घातली,
वाळेपर्यंत वही धरून बसली.
वर काहीच लिहिलं नाही.
पोरीचं वाक्य होतं तसं राहिलं,
खाली थोडा पांढरा पोपडा.

नाताळाच्या आधी तिचा रजेचा अर्ज आला, दोन दिवसांचा.
कारण : आउट ऑफ स्टेशन.
मी वाचला. पश्चिमेकडच्या खिडकीतून टाकी दिसत होती.
परत येण्याची तारीख तिने कोरी सोडलेली.
विचारलं नाही मी.
पेन्सिलीने, हलक्या हाताने,
अंदाजाने भरली.