किती लेट?

खानापुरात तहसील कचेरीच्या बाहेर
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
अर्ज कन्नडात, माणसं मराठीत,
मधल्या फटीत माझं पोट.
एका अर्जाचे तीस रुपये.
माणूस रडत असेल तर वीस.

गेल्या महिन्यात गुंजीकडची शेवंताक्का आली
वारसाच्या दाखल्यासाठी.
पिशवीत डेथ सर्टिफिकेट, चार फोटो,
आणि का कोण जाणे, नवऱ्याची शिट्टी.
रेल्वेत गेटमन होता मष्णू घाडी.

पतीचे नाव, या रकान्यात
हाताच्या सवयीनं मी आधी लिहिलं : लेट.
मग मष्णू. मग कल्लाप्पा. मग घाडी.
लिपी कन्नड, शब्द इंग्रजी, मेलेला मराठी.

"वाच बघू."
वाचलं.
"लेट?
जल्मात कधी लेट झाला न्हाई त्यो.
कोंबडा उठायच्या आधी त्येचा कंदील फाटकावर.
लेट गाड्या असायच्या."

मी म्हटलं, आक्का, इंग्रजीत तसंच असतं,
गेलेल्या माणसाला लेट म्हणतात.
"मग जित्त्याला काय म्हणत्यात? टायमावर?"
झेरॉक्सवाला हसला,
तिच्याकडं बघून पुन्हा कागद मोजू लागला.

मी समजावत राहिलो.
नावाच्या मागं आला तर उशीर, नावाच्या आधी आला तर मरण.
मष्णू लेट, म्हणजे येईल अजून.
लेट मष्णू, म्हणजे...
पुढचं मी खोडरबर शोधण्यात घालवलं.

कैलासवासी लिहू का, विचारलं.
"कैलासात? उन्हाळ्यातबी कानाला मफलर असायचा त्येच्या.
थंडी सोसायची न्हाई."
दिवंगत दोन्ही भाषांत चालतं,
पण ते तिला कुणा साहेबाचं नाव वाटलं.

"आनि कानडीत काय म्हणत्यात, लेटला?"
तड, मी सांगितलं.
तड आयतु. उशीर झाला.
"तड म्हंजे काठ की रे.
मलप्रभेची तड."

तीस वर्षं दोन्ही शब्द याच तोंडात राहतात,
एकमेकांना कधी भेटले नव्हते.
इकडून वाचला तर उशीर,
तिकडून वाचला तर
पैलतडीला लागलेला माणूस,
धोतर पिळत उभा.

मग ती टेबलावर वाकली.
"बरं, लेट तर लेट. पन किती?"
किती म्हणजे?
"त्यो वहीत लिवायचा.
पहाटंची, बावीस मिन्टं लेट.
मालगाडी, दोन तास धा.
आकडा ऱ्हायला की मास्तर फोनवर वरडायचा.
तू नुसतंच लेट लिवलास.
किती, ते कोन लिवनार?"

मी रकाना पाहिला.
सहा इंच लांब, अर्धा इंच उंच.
आकड्याला जागा नव्हती.

"कॅन्सल तर लिवलं न्हाईस न्हवं?"
नाही.
"मग ऱ्हाऊंदे."

अंगठा नको म्हणाली, सही केली,
त्यानंच शिकवलेली,
शे जरा मोठा, वंता घाईत.
पैसे मी घेतले नाहीत, असं सांगायला आवडलं असतं.
वीस घेतले.

आता दर बुधवारी येते,
दाखला आला का विचारायला.
कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन,
एकदा शिक्का धारवाडला गेला होता म्हणे.
काल माझ्या तोंडून निसटलं,
"लेट हाय, आक्का."

जीभ चावली मी.
ती मात्र निवांत बाकावर टेकली,
पिशवी मांडीवर घेतली,
आत शिट्टी आहे का, चाचपून बघितली.
"मग फाटक लावून घे की," म्हणाली,
आणि रस्त्याकडं बघत बसली.