कागद कुठं लावायचा

चौतीस वर्षं मासे चिरले.
हातात चाकू असला की तोंडाला सुट्टी,
आणि यंत्रांच्या घरघरीत कोण कुणाचं ऐकतं.
गेल्या हिवाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं.
तेव्हापासून वाक्यं साचतात,
किटलीबरोबर उतू जातात.

हेदिन म्हणाला, मावशी, लिही.
रोज एक पान. चारचौघांना दिसेल असं लाव.
एवढं बोलून तो तोर्शाव्हनच्या बसनं गेला,
सल्ला देणारे नेहमी बसनं जातात.

लिहीन की.
पण लावू कुठं?

दुकानाची काच आहे. हानुस म्हणतो, खुशाल लाव,
पैसे नकोत. फक्त बटाट्यांच्या भावाखाली,
आणि त्या बुरशी आलेल्या पावाबद्दल नको बरं का.
मी सुरुवातच त्या पावापासून करणार होते.

चर्चची ओसरी. छप्पर पक्कं,
रविवारी माणसं हमखास, तीही भांग पाडलेली.
पाद्रीबाई म्हणाल्या, आधी नुसती नजर घालीन.
नजर आणि कात्री
एकाच खणात ठेवतात त्या.

मग माझीच भिंत.
भिंत माझी, खिळे माझे, शब्द माझे, कुणाची ना नाही.
पण घर गावाच्या टोकाला, तिथं येतात कोण?
वारा, आणि आर्मगार्डच्या मेंढ्या.
मंगळवारी पहिलं पान लावून पाहिलं.
मेंढीनं ते वरच्या ओळीपासून खालपर्यंत, न थांबता संपवलं.
इतका मनापासून वाचणारा पुन्हा मिळणं कठीण.

राहिला बसथांबा.
काँक्रीटचा खोका, तीन बाजू बंद, चौथी समुद्राला उघडी.
आत लघवीचा थोडा वास, कुणीतरी कोरलेलं एक बदाम,
त्यातलं एक नाव नंतर खरवडलेलं.
बसा तीन, धुकं उतरलं तर एकही नाही.
मग माणसं नुसती उभी राहतात,
आणि खोळंबलेला माणूस काहीही वाचतो,
खोकल्याच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा.

ठरलं.

नावात आठ दिवस गेले.
‘गावच्या बातम्या’? इथं बातमी पायी फिरते,
माझ्या आधी पोचते, चहाही पिऊन जाते.
शेवटी वरची जागा कोरीच ठेवली.
पेन नको, शाई खाऱ्या हवेत पळते.
सुताराची जाड पेन्सिल घेतली.

आता पहिली ओळ.
‘नमस्कार, मी सुन्निवा’ असं लिहिलं, खोडलं.
एक्केचाळीस माणसं मला ओळखतात,
माझ्या डाव्या गुडघ्यासकट.
मग का लिहितेय, कशी सुचली कल्पना, कोणाचे आभार...
नमनालाच घडाभर तेल.
तीन दिवस चुलीत कागद गेले,
घर मात्र ऊबदार राहिलं.

बाराव्या मार्चला लाल चोचीचा तो आला,
दरवर्षी येतो, वसंत घेऊन, आरडाओरडा करत.
एक पाय अधू. माझ्या छपराच्या गवतात
काहीतरी उकरत राहिला.
मी खिडकीशी उभी राहून लिहिलं,
चारच ओळी,
आणि गमबूट घालून थेट थांब्यावर.
चार कोपऱ्यांना चार पट्ट्या.
मागं वळून पाहिलं नाही.
खोटं कशाला, दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला कुणी नव्हतं.
दुपारीही नव्हतं. कागद तेवढा होता,
एक पट्टी सुटून फडफडत.

तिसऱ्या दिवशी खाली कुणीतरी
निळ्या बॉलपेननं, दाबून दाबून लिहिलेलं:
‘अधू पायाचा तो माझ्या छपरावर असतो.
तू पाहिलास तो दुसरा. डोळे तपासून घे.’
सही नाही. अक्षर आर्मगार्डचं.
बावीस वर्षं तिनं मला
मेंढ्यांपलीकडचं एक वाक्य बोललेलं आठवत नाही.

आज नवं पान घेतलंय.
उत्तर तिखट आहे, दोन पुरावे आहेत.
वरच्या अर्ध्यातच आटपतेय मी,
आणि दोऱ्यानं एक पेन्सिल
खिळ्याला बांधून ठेवणार आहे.