भाग नववा

पहिल्या भागात मी मेले.
एकोणीस वर्षांची होते. पंचवीस डॉलर
आणि वाटाण्याच्या सूपचा एक वाडगा,
एवढी त्या मरणाची बिदागी.
फेब्रुवारीतलं मिनेसोटा, तळं तळापर्यंत गोठलेलं,
आणि दंतवैद्याचा एक पोरगा, बापाचे पैसे घेऊन
आमच्या लोखंडाच्या खाणीच्या गावात सिनेमा काढायला आलेला.

"श्वास घेऊ नकोस, इर्मा," तो म्हणाला.
मी बर्फात पालथी, आणि तोंडाची वाफ
काही केल्या मरेना.
शेवटी त्यानं नुसतं माझं पाऊल घेतलं,
मोजा अर्धा निघालेला.

बादलीवाला त्यात दिसतच नाही.
मुखवट्याला पैसे नव्हते, म्हणून अंधार वापरला.
फक्त कडीचा आवाज, रिकाम्या बादलीची लोखंडी कडी,
तळघराच्या जिन्यावरून एकेक पायरी वर येणारी.
कडी हलवायचा रेइनो, खाणीतला वायरमन,
दुसऱ्या हातात सँडविच.
त्या वर्षी गावात कुणी एकटं तळघरात उतरलं नाही.
रेइनोसुद्धा.

दुसऱ्या भागात तो दिसला
आणि निम्मं तिथंच संपलं.
मग कॅलिफोर्नियाचा कुणी धिप्पाड माणूस आला,
मग बादलीवाल्याला आई मिळाली, दुःखी बालपण मिळालं,
म्हणजे आम्ही त्याला समजून घ्यावं.
अहो, समजून घ्यायला घरात माणसं काय कमी होती?
सहाव्यात तो बोलला.
इतका बोलला, की लेनर्ड मोठ्यानं म्हणाला,
"ह्याला कुणीतरी मारा रे,"
आणि अख्खं थिएटर हसलं.

शिळ्या कढीला ऊत, मी म्हणायचे,
आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा रांगेत उभी.
लेनर्ड विचारायचा, कशाला?
मला सांगता यायचं नाही.
पहिल्याच्या वेळी त्यानं माझं मनगट असं धरलं होतं
की चार बोटांचे वळ उठले.
लग्नाआधीची गोष्ट ही.
चौथ्याला तो घोरत होता, तरी
हात तिथंच, मनगटावर, सवयीनं.

सातव्यानंतरच्या हिवाळ्यात
डुलुथच्या इस्पितळात, पहाटे तीनला,
कुणीतरी कॉरिडॉरमधून बादली नेत होतं,
फरशी पुसायची, साधी.
कडी वाजली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
नळ्यांच्या गुंत्यातून लेनर्ड हसला.
"आला बघ," म्हणाला.
डॉक्टरांनी आठवडाभर जे सांगायचं टाळलं होतं
ते त्यानं दोन शब्दांत सांगून टाकलं,
आणि मला रडायच्या आधी हसू आलं.

आठवा मी पाहिला नाही.

काल नववा. सगळं पुन्हा पहिल्यापासून,
नवी पोरं, संगणकावर केलेलं रक्त, फार लाल.
बादली चकचकीत, तिच्यावर
कंपनीचं नावही वाचता येत होतं.
थिएटरात आम्ही अकरा जण.
मी घड्याळ बघत होते
तोच मध्येच, जुन्या रिळातला एक तुकडा:
बर्फ, आणि माझं पाऊल.
एक सेकंद, फार तर दीड.
एकोणीस वर्षांचं, गुबगुबीत,
मोजा अर्धा निघालेला.

पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली.
खरंखुरं, घशातून.
इतक्या मुडद्यांत ती माझ्यावर दचकली!
तिच्या शेजारचा पोरगा तिच्याकडे सरकला
आणि त्याला हात कुठं ठेवावा कळेना.
मनगट, मी मनात म्हटलं, मनगट धर, मूर्खा.

घरी आले. कपडे धुवायचे होते,
यंत्र तळघरात.
दिवा लावला, चार पायऱ्या उतरले,
आणि थांबले.
खाली लेनर्डची बादली आहे, राख काढायची,
कडी एका बाजूला पडलेली.
बराच वेळ उभी होते,
सूज आलेलं पाऊल पाचव्या पायरीच्या वर
तसंच धरून,
श्वास न घेता.

दहावा काढताहेत म्हणे.
तिकीट महाग असेल.