दोनशे दहा

पथारीवर मिरची पसरली
की नंदुरबारची माती दिसत नाही.
सुरतेच्या गाडीतले लोक खिडकीतून म्हणत असतील,
काय सुंदर लाल!
आम्ही चौदा जणी त्या लालात बसून
देठ खुडतो, किलोवर.
शिंका कुणी मोजत नाही.

पहिली दोन वर्षं नुसतं नाक गळलं.
मग रात्री तीनला उठून बसायची वेळ आली,
गुडघे पोटाशी, खिडकी उघडी,
छातीत कुणी बारीक शिटी घेऊन लपलेलं.
सासू गोधडीतून विचारी, "काय व्हयनं व?"
बोलायला श्वास लागतो, तोच नव्हता.
मी हातानंच सांगायची, काही नाही.

गल्लीनं ठरवलं, टीबी.
एक पेला वेगळा झाला माझा,
कुणी केला ते विचारायचं नसतं.
थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही.
पेला तसाच वेगळा राहिला.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी भलतंच विचारलं,
"शेवटची रात्रभर झोप कधी लागली?"
आठवावं लागलं.
भाऊबीज. तळोदा. भावाच्या पपईच्या वावराला लागून खाट.
आठ रात्री.
"आणि परत आल्यावर?"
दुसऱ्याच दिवशी पथारी, तिसऱ्या रात्री शिटी.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग नळीत फुंकायला लावलं,
जोरात, अजून, अजून, सोडू नका,
ओल्या पळाट्यांची चूल पेटत नाही
तेव्हा फुंकतो तसं.
आकडा आला.
निळ्या पंपाचे फवारे दिले, बाकावर बसवलं.
वीस मिनिटं मी समोरच्या भिंतीवरचं
गुटगुटीत बाळाचं चित्र बघितलं.
पुन्हा फुंकलं. आकडा वर सरकला.
"हा फरक आला ना, कौतिकबाई,
यावरूनच कळतं. हा दमा."
मला वाटायचं, आजार म्हणजे छातीत काहीतरी असतं,
गाठीसारखं, दगडासारखं.
हा तर दोन आकड्यांमधली रिकामी जागा निघाला.

तपकिरी पंप रोज, दम लागो न लागो,
वर चूळ भरायची. निळा अडचणीपुरता.
मी आधी उलटं केलं.
निळा हाकेला ओ देतो, त्याचे लाड.
तपकिरी मुका, पंधरा दिवस काही बोललाच नाही,
ट्रंकेत टाकला.
एका पहाटे पुन्हा सिव्हिल, पुन्हा ती वाफ, बाईंची बोलणी.
आता दोन्ही पदराच्या गाठीत.
शेजारीण म्हणते, पंपाची सवय लागते बरं.
लागते.
श्वासाची तर जन्मापासून लागलीय.

"काम सोडा," बाई म्हणाल्या,
आणि स्वतःच गप्प झाल्या.

सध्या पोती शिवते, वारा येतो त्या अंगाला,
नाकावर ओढणीचे दोन पदर.
दिवसाला वीस रुपये कमी.
दीपाली गणिताच्या वहीत मागून लिहिते,
सोमवार १६०, मंगळवार १५५, शनिवार १४०,
रविवार २१०.
"माय, तुना रविवारच पास व्हस."

काल काट्यावर मुनीम हळूच म्हणाला,
"ते निळं... एकदा बघू द्या की."
गेली सहा वर्षं टोपलीमागे
पाव किलो तूट कापतो हा, धुळीची म्हणून.
सहा महिने झाले, त्याच्या छातीतली शिटी मला ऐकू येते,
ओळखीची आहे.
म्हटलं, "आधी फुंका, मुनीमजी.
सिव्हिल, सकाळी नऊला. केसपेपर काढा.
आणि थुंकी दाखवा, लाजू नका."
तो हसला. हसण्याचा खोकला झाला,
खोकला संपेना, काट्याला धरून उभा राहिला.
मी पाणी दिलं.
माझ्याच पेल्यातून.

रात्री नळी फुंकली.
दीपालीनं दिवा जवळ ओढून वाचलं, दोनशे दहा.
तिनं पुन्हा फुंकायला लावलं.
बुधवार होता.