बावीस टक्के

दिवसभर जहराच्या गच्च्यांवर चढून
मी लोकांच्या खोल्या उबदार करून देतो.
डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला की
युनिटचे पत्रे थडथडतात,
पाना हातात बर्फ होतो,
आणि रात्री आमच्याच खोलीत
कुंजुमोनचा हीटर तारा लाल करून
हवेतलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकतो.

कामावरचा मीटर मी खिशातून घरी आणतो.
बावीस टक्के.
कंपनीच्या सर्व्हर रूमला हे चालत नाही,
अण्णांच्या क्लॅरिनेटला तर नाहीच.

काळं लाकूड. मिरजेत जुनं घेतलेलं,
अडीच हप्त्यांत
(तिसरा निम्मा दुकानदाराने सोडला,
त्याच्या पोरीच्या वरातीत वाजवल्यावर).
वरच्या तुकड्यावर, दुसऱ्या भोकाशेजारी
केसाएवढी चीर:
जतच्या एका लग्नात, पहाटे,
गारठलेलं तसंच तोंडाला लावलं अण्णांनी.
टिक्, एवढंच वाजलं म्हणे.
नवरदेव घोड्यावर चढला होता,
बँड थांबला नाही.

म्हणून साबणाच्या डबीला खिळ्याने भोकं,
आत ओला स्पंज, घट्ट पिळून,
केसच्या कोपऱ्यात.
महिन्यातून एकदा नळीत बदामाचं तेल,
पिसाने, दोनच थेंब.
कुंजुमोन बघत असतो.
त्याच्या टाचा नाणं मावेल इतक्या फाटल्यात.
म्हणतो, पुढच्या जन्मी मला क्लॅरिनेट कर.
मी बाटली त्याच्याकडे सरकवतो.
टाचा चोळून झाल्यावर तो
न बोलता हीटर अर्ध्यावर आणतो.

शुक्रवारी अण्णांचा फोन.
व्हिडिओत नुसता कान दिसतो.
"वाजव की."
"थांबा, गार आहे अजून."
वरचा तुकडा शर्टाच्या आत, काखेत धरून
ताप मोजावा तसा मी बसतो.
तिकडे कानही थांबून राहतो.
"किती आहे रे?"
ताप विचारतायत की टक्के, कळत नाही.
"अठ्ठावीस झालेत."
"मग हळू. आधी खालचे सूर."

एकच लावतो, लांब.
भिंतीपलीकडे कुणीतरी टीव्ही बंद करतं.

नंतर नळीतून फडकं ओढलं
तर ओलं येतं,
माझ्याच श्वासाचं पाणी,
जे मीटरला दिसत नाही.
फडकं मी खिडकीच्या गजावर टाकतो.
सकाळी पापडासारखं कडक.