पाहणारे : दोन

झोप हल्ली माहेरवाशिणीसारखी येते,
पिशवी उघडते न उघडते तोच
निघायच्या गोष्टी करते.
मग केटरिंगमधल्या या चिंचोळ्या घरात
रात्री अडीच वाजता
मी आणि फोन.

फोनमध्ये जग जागंच असतं.
कुठे आग, कुठे निवडणूक,
गॅसच्या बिलाचा नवा आकडा,
आणि नागपूरच्या नंदामावशीचा
लसणाच्या पाण्याचा उतारा, आठव्यांदा.
अंगठा खाली खाली पोहरा सोडत राहतो,
विहिरीला तळ नाही.

त्या रात्री मात्र साधंच काही शोधत होते,
खाली स्वयंपाकघरात, जुन्या टॅबलेटवर :
किटलीच्या बुडाशी बसलेला चुना कसा घालवावा.
इथलं पाणी जड.
व्हिनेगर, लिंबू, मग कुणाची तरी किटली
कालव्याच्या काठावर,
मग नुसताच कालवा.
कशी पोचले विचारू नका,
वाट चुकलेल्या माणसाकडे नकाशा नसतो.
टॅबलेट पावाच्या डब्यामागे सरकवला,
वर येऊन अंथरुणात फोनवर तेच लावलं.

उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यात
डेरेक अ‍ॅक्रॉइड नावाच्या म्हाताऱ्याने
परसातल्या भिंतीवर कॅमेरा ठोकलाय,
जिरेनियमच्या कुंड्या कोण पळवतं ते बघायला.
चोर सापडला नाही.
कॅमेरा राहिला.
खाली त्यानेच लिहिलंय :
फार काही घडत नाही. या, बसा.

बसले.
काळं पाणी. लाकडी दरवाजे. एक पिवळा दिवा.
फटीतून पाझरणारी बारीक धार,
कुणी मागच्या दारी तांदूळ धुवावेत तशी.
दोन चाळीसला राखी बगळा आला,
जुन्या हेडक्लार्कसारखा मान आखडून
वीस मिनिटं उभा राहिला,
एकही फाईल पुढे न सरकवता निघून गेला.
मी मोठ्याने हसले.
आपलंच हसू ऐकून दचकले.

आणि कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत :
पाहणारे : २.

कोण असेल?
बाळाला पाजत बसलेली कुणी,
की रस्त्याकडेला ट्रक लावून
डबा उघडलेला ड्रायव्हर?
शेवटी मी तिचं नाव मॉरीन ठेवलं.
बघितलास का मॉरीन, कोल्हा?
अगं, ते हंसाचं पिल्लू नव्हे, पिशवी आहे पिशवी.
मॉरीन कधी उलटून बोलली नाही.
सगळा नोव्हेंबर आम्ही दोघींनी
काही न घडण्यात काढला,
आणि माहेरवाशीण
चार-चार तास राहू लागली.

नाताळच्या आधी ओटा आवरायला घेतला.
पावाच्या डब्यामागे, फडक्याखाली
काहीतरी कोमट.
टॅबलेट. वायर लावलेली, आवाज बंद,
पडद्यावर कालवा.
भाजी परतताना कृती मालवू नये म्हणून
मीच कधीतरी त्याला जागं राहायला शिकवलेलं.

म्हणजे मॉरीन.

हसावं की काय करावं.
बंद केला. फडकं घडी घालून ठेवलं.
रात्री वर : पाहणारे : १.
बगळा आला. उभा राहिला.
गेला.

तीनच्या सुमाराला मनात आलं :
आणखी कुणी चुना शोधत निघालं,
वाट चुकून इथवर आलं,
आणि कोपऱ्यात बघितलं
तर त्याला काय दिसेल?
अनवाणी खाली गेले, जिना बर्फासारखा.
टॅबलेट पुसला, लावला,
डब्याला टेकून नीट उभा केला.
बस गं मॉरीन. कुणी आलं तर
कुणीतरी असू दे.

वर आले. पांघरूण ओढलं.
पाणी, दिवा, धार.
पाहणारे : ३.

बोटांवर मोजलं.
मी, मॉरीन,
आणि

अंथरुणात उगाच जराशी सरकले.